शेवटचे तीन महिने

गर्भिणीस कसें जपावें हें सांगतांना चरकसंहितेच्या शारीरस्थानांत तेलानें कांठोकांठ भरलेल्या पात्राचा दृष्टान्त आला आहे. असें पात्र जसें न हिंदकळवितां न्यावें, तसें तिला सांभाळावें, हा त्याचा भाव. आपल्या घरांतून या दृष्टान्ताचा अर्धाच अर्थ घेतला जातो, असें आम्हांस वाटतें. सातव्या महिन्यांत डोहाळजेवण थाटानें होतें, तिला जड वस्तु उचलूं दिली जात नाहीं. परंतु पात्र नेणाराची नजर जशी पात्रावर खिळलेली असते, तशी आपली नजर तिच्या प्रकृतीवर असते काय?

सुमारें २८ व्या आठवड्यापासून हा शेवटचा काल सुरू होतो. तेव्हां अदमासें १ किलो वजनाचें असलेलें बालक ४० व्या आठवड्यापर्यंत बहुधा अडीच ते साडेतीन किलोंचें होतें. वाढलेलें गर्भाशय वर जठरास व खालीं मूत्राशयास दाबतें. म्हणून धाप लागणें, छातींत जळजळणें, रात्रीं वारंवार उठावें लागणें, पोटऱ्यांत गोळे येणें, सायंकाळीं पावलें थोडीं सुजणें, मधून मधून पोट कडक होऊन पुन्हा सैल पडणें, हें सारें स्वाभाविक होय. थोडें थोडें खाणें, कुशीवर निजणें व पाय उंच ठेवून विसावणें यांनीं पुष्कळ आराम पडतो.

परंतु याच कारणानें एक अनर्थ घडतो. कोणतीही तक्रार कानीं पडतांच वडील माणसें "असें होतेंच" म्हणून मोकळीं होतात. आम्हींही तसेंच म्हटलें होतें. बाळंतपणास माहेरीं आलेल्या आमच्या मुलीचें आठव्या महिन्यांत डोकें दुखूं लागलें, चेहरा सुजला. आम्हीं पित्ताचें निदान करून सुंठीचा लेप सुचविला. दुसरे दिवशीं तिच्या डोळ्यांपुढें काजवे चमकूं लागले, तेव्हां शेजारच्या परिचारिकाबाईंनीं रक्तदाब मोजला. तो १६०/११० भरला. त्याच रात्रीं प्रसूति करावी लागली. मायलेकरें वांचलीं, पण वायां घालविलेला तो एक दिवस आम्हांस अजून टोंचतो.

म्हणून न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणें, चेहरा व हात एकाएकीं सुजणें, पोटाच्या वरच्या भागांत तीव्र वेदना, रक्तस्राव किंवा अंगावरून पाणी जाणें, यांपैकीं एकही लक्षण दिसल्यास दिवस उजाडण्याची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. "शेवटीं मूल कमी फिरतें" हा समजही चुकीचा आहे. हालचालीची तऱ्हा पालटेल, पण ती मंदावतां कामा नये. मंदावल्यास त्याच वेळीं दाखवावें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं गरोदरपणांत किमान ८ तपासण्या सांगितल्या. त्यांपैकीं ५ याच काळांतील, म्हणजे ३०, ३४, ३६, ३८ व ४० व्या आठवड्यांतील आहेत. प्रत्येक वेळीं रक्तदाब व लघवी तपासून घ्यावी.

डोहाळे पुरविणें हें प्रेमाचें काम खरेंच. त्याबरोबर घरांतील वडील माणसांनीं रोज सायंकाळीं तिच्याजवळ बसून "डोकें कसें आहे? बाळ फिरलें का?" हे दोन प्रश्न विचारावे, आणि ती जें सांगेल तें खरें मानावें, इतकीच आमची विनंति आहे.