आधी ऊब, मग दूध

दिवाळी सरली की माझ्याकडे कुत्र्यांच्या पिल्लांविषयी फोन यायला लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस माजावर आलेल्या भटक्या कुत्र्या याच सुमारास वितात. "पार्किंगमध्ये पिल्लू सापडलंय, डोळेही उघडले नाहीत. आई दिसत नाही, म्हणून घरी आणलंय." बोलणाऱ्याच्या आवाजात खरी कळकळ असते, तरी मी आधी विचारते, आईची वाट पाहिलीत का? पाच-सहा पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीची भूक दांडगी असते. ती बहुधा उकिरड्यावर नाहीतर टपरीपाशी पोट भरायला गेलेली असते. पिल्लं एकमेकांना बिलगून गप्प झोपली असतील, तर लांब उभं राहून दोन-तीन तास तरी वाट पाहावी. आपण जवळ घुटमळत राहिलो तर ती येतही नाही.

पण कधी ती गाडीखाली आलेली असते, कधी एखादं पिल्लू एकटंच गार पडून अखंड रडत असतं. अशा वेळी घराघरांत पहिली धाव दुधाच्या पातेल्याकडे जाते आणि तिथेच घात होतो. गार पडलेल्या पिल्लाची आतडी जवळजवळ थांबलेली असतात. पाजलेलं दूध पचत नाही, पोट फुगतं. जन्मल्यावर पहिले काही दिवस तर पिल्लाला कुडकुडताही येत नाही. त्याची सगळी ऊब आईच्या आणि भावंडांच्या अंगाची. म्हणून आधी खोकं, जुनी चादर आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. बाटली एकाच कडेला ठेवावी, म्हणजे चटका बसू लागला तर पिल्लू सरपटत दूर जाऊ शकतं. ऊब हळूहळू द्यायची. तोंडात बोट घालून बघावं. आतून गार लागलं तर दूध नाहीच.

आणि दूध गाईचं नको. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात, दुग्धशर्करा मात्र कमी. गाईच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते आणि एवढासा जीव बघता बघता सुकतो. पिल्लांसाठीची दुधाची पावडर पशुवैद्याकडे मिळते. ती दर दोन-तीन तासांनी द्यायची, रात्रीसुद्धा. एका घरी आजींनी पिल्लाला मांडीवर उताणं घेतलं होतं, बाळाला बोंडल्याने पाजतात तसं. त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं, पण उताण्या पिल्लाचं दूध श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. मी त्याला पालथं ठेवलं, मान किंचित वर केली. दोन्ही पुढचे पाय टॉवेलवर रोवून, आचळाला लुचावं तसं ते बाटलीला लुचू लागलं.

पाजून झालं की काम संपत नाही. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपली आपण शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हा होते. कोमट पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा त्या जागी हलक्या हाताने फिरवायचा. शू गडद पिवळी दिसली तर अंगात पाणी कमी पडतंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करून वहीत लिहावं. एक दिवस जरी ते वाढलं नाही तरी पशुवैद्याला दाखवावं. आईचा चीक न मिळालेल्या पिल्लाची प्रतिकारशक्ती तशीही तोकडी असते, त्यामुळे बाहेरच्या चपला त्याच्या खोलीत येऊ देऊ नयेत.

हे सगळं निभावलं तरी भावंडं देतात ते आपल्याला देता येत नाही. दात किती रोवायचा हे पिल्लू भावंडांशी झोंबताना शिकतं. दुसरं केकाटलं, खेळ थांबला, की त्याला कळतं. म्हणून एकट्या पिल्लासाठी त्याच वयाची दुसरी पिल्लं किंवा एखादी लसीकरण झालेली, सोशिक कुत्री शोधावी.

संकटात सापडलेल्या पिल्लासाठी हे सारं करावंच. पण चार आठवड्यांचं पिल्लू मुद्दाम आईपासून तोडून विकलं जातं, त्याचा मला संताप येतो. 2017च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. विक्रेते सांगतात, "लहान न्या, लळा लवकर लागतो." आठ आठवड्यांच्या पिल्लालाही तितकाच लळा लागतो. आई आणि बाकीची पिल्लं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अशा माणसाच्या हातावर एक रुपयाही ठेवू नका.