एलियटचे प्लॅटिनम आणि पाण्यातले ऱ्होडियम

टी. एस. एलियटच्या १९१९ च्या 'ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलंट' या निबंधातला प्लॅटिनमचा दृष्टान्त साहित्याच्या वर्गांत इतका घोटला गेला आहे, की तो मुळात रसायनशास्त्रातला आहे याचे भान राहत नाही. ऑक्सिजन आणि सल्फर डायऑक्साइड यांचा संयोग प्लॅटिनमच्या सान्निध्यात घडतो, प्लॅटिनम मात्र निर्विकार राहते. कवीचे मन तसे. (या संयोगातून एलियट सल्फ्युरस आम्ल काढतो; निघते ते सल्फ्युरिकच्या वाटेवरचे ट्रायऑक्साइड. असो.) माझा आक्षेप त्या निर्विकारपणाला आहे. उत्प्रेरक शेवटी मूळ रूपात परततो हे खरे, पण मधल्या काळात तो अलिप्त नसतो, आणि बहुधा उघडाही नसतो.

जर्मनीतल्या ओबरहाउसेनचा कारखाना पाहा. तिथे १९८४ पासून प्रोपीन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांपासून ब्युटिराल्डिहाइड बनवण्यासाठी ऱ्होडियमचा पाण्यात विरघळलेला उत्प्रेरक वापरात आला. ऱ्होडियम अतिशय महाग. तयार मालाबरोबर ते वाहून गेले तर धंदाच बुडाला. धातूला बिलगून राहणाऱ्या रेणूंना लिगँड म्हणतात. नेहमीचा लिगँड ट्रायफिनाइलफॉस्फिन: फॉस्फरसच्या एका अणूला तीन बेंझिन वलये. हा तेलकट, पाण्याला न शिवणारा. ऱ्होन-पूलँक कंपनीच्या एमिल कुन्त्झ यांनी १९७० च्या दशकात याच रेणूच्या तिन्ही वलयांवर एकेक सल्फोनेट गट असलेला लिगँड ऱ्होडियमला जोडला. तो लिटरभर पाण्यात किलोभर विरघळतो आणि ऱ्होडियमला आपल्याबरोबर पाण्यात धरून ठेवतो. तयार अल्डिहाइड वरच्या थरात तरंगते, ते काढून घ्यायचे. खालचे पाणी पुन्हा कामाला.

यातली खरी बुद्धी सल्फोनेटच्या जागेत आहे. तो वलयाच्या बाहेरच्या बाजूला, फॉस्फरसपासून दूर बसतो. फॉस्फरसने आपली इलेक्ट्रॉनांची जोडी धातूला द्यायची, सल्फोनेटने पाण्याशी सलोखा राखायचा. एकाने दुसऱ्याच्या कामात फारशी ढवळाढवळ करायची नाही. शिवाय लिगँड हा नुसता वाहकही नव्हे. एक लिगँड सुटतो तेव्हाच प्रोपीनला धातूवर जागा मिळते, आणि निपजणारी साखळी सरळ होणार की फांदी फुटलेली, हे पुष्कळसे त्याच्या उपस्थितीवर ठरते.

कविमनाला उत्प्रेरक म्हणायचेच असेल, तर ते असे, लिगँडांनी वेढलेले म्हणावे लागेल. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) मधले यंत्रयुगातले नगर अभंग-ओवीच्या वळणाने मराठीत उतरले. त्या वळणाला नुसता आकृतिबंध म्हणून बाजूला ठेवणारी आणि मागे 'निर्वैयक्तिक' मन शोधणारी आपली समीक्षा प्लॅटिनमच्या तारेपाशीच थांबलेली आहे. छंदाने तिथे अनुभवाला वाचकाच्या भाषेत विद्राव्य केले, आणि त्याची साखळी कशी जुळावी हेही ठरवले.

अर्थात या युक्तीला मर्यादा आहे. प्रोपीन पाण्यात थोडे तरी उतरते. ऑक्टीनसारखी लांब साखळी जवळपास उतरतच नाही आणि अभिक्रिया रेंगाळते. त्यावर पाण्याशी आणि तेलाशी, दोघांशीही सलगी करणारे लिगँड करून पाहण्यात आले. वेग वाढला, पण साबणासारखा फेस होऊ लागला आणि थर वेगळे होईनात.