पाणबुड्याचें घड्याळ

पूर्वीं लग्नघरीं मुहूर्त साधण्यासाठीं गंगाळांत घटिकापात्र सोडीत असत. बुडाशीं बारीक छिद्र असलेली ती वाटी पाण्यानें भरून बुडाली, कीं एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटें, झाली असें समजत. पाणी आंत शिरणें हेंच त्या यंत्राचें कार्य. आज ज्या घड्याळाविषयीं लिहावयाचें आम्ही योजिलें आहे, त्याचें व्रत नेमकें उलट आहे. पाण्याचा एक थेंबही तें आंत येऊं देत नाहीं.

हें घड्याळ पाणबुड्यांचें. आपल्याकडील तरुण मंडळींच्या मनगटावरही तें आतां दिसूं लागलें आहे. जाड, जड, भोंवतीं अंक कोरलेलें फिरतें कडें; सदऱ्याची बाही त्यावर हटकून अडावयाची. "हा लोखंडाचा गोळा हातावर कशाला?" असें घरांतील वडील माणसें विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्या जाडीसही कारण आहे.

समुद्रांत दर दहा मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. शंभर मीटरांवर तो पृष्ठभागाच्या अकरापट होतो. तो सोसावयाचा तर कांच जाड हवी, पाठ भक्कम हवी, आणि चावी मळसूत्रानें घट्ट बसावयास हवी. खोली वाढली कीं जाडी वाढते. २००८ सालीं रोलेक्स कंपनीनें ३,९०० मीटरांसाठीं काढलेलें घड्याळ जवळजवळ १८ मिलिमीटर जाड आहे.

फिरत्या कड्याचें महत्त्व तर प्राणाइतकें आहे. ब्लांपें ह्या स्विस कंपनीचे चालक झाँ-जाक फिश्टर हे स्वतः पाणबुडे होते. एकदां पाण्याखालीं वेळेचें भान सुटून त्यांची हवा संपली आणि जिवावर बेतलें. त्या अनुभवांतून १९५३ सालीं त्यांच्या कंपनीचें 'फिफ्टी फॅदम्स' हें घड्याळ निघालें. बुडी घेतांना कड्यावरील खूण मिनिटकांट्यासमोर आणावयाची. मग किती मिनिटें गेलीं तें गणिताविना दिसतें. आतां हें कडें बहुधा एकाच दिशेनें फिरतें. धक्का लागून तें सरकलेंच, तर गेलेला वेळ अधिक दिसतो, कमी कधींच नाहीं. चूक झालीच तर ती माणसास लवकर वर आणणारी व्हावी, ही त्यामागील दृष्टि आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

परंतु प्रत्येक सोयीचें मोल द्यावें लागतें. खोल पाण्यांत काम करणारे लोक दिवसेंदिवस हेलियममिश्रित हवेच्या कोठडींत राहतात. तो सूक्ष्म वायु घड्याळांत शिरतो आणि बाहेरचा दाब उतरतांना फुगून कांच उडवितो. ह्यावर रोलेक्सनें १९६७ च्या सुमारास झडप बसविली. वायु आपोआप बाहेर पडावा म्हणून. जपानच्या सैको कंपनीनें १९७५ सालीं निराळा मार्ग धरला: बंदोबस्तच असा करावयाचा, कीं वायु आंत शिरूं नये. झडप म्हणजे कवचास आणखी एक छिद्र. उलट छिद्र नको तर सांधा अतिशय काटेकोर हवा. दोहोंपैकीं एकही फुकट मिळत नाहीं.

आज पाणबुडे मुख्यतः मनगटावरील संगणकावर विसंबतात. कांट्यांचें घड्याळ जवळ असलें तर जोडीस म्हणून. मग घरीं बसणाऱ्यानें तें कां बाळगावें? आमच्या मतें, त्याचा एकही भाग निव्वळ शोभेचा नाहीं, म्हणून. ठळक कांटे अंधारांतही चमकतात. रात्रीं आजाऱ्याच्या उशाशीं बसणाऱ्यास दिवा न लावतां वेळ कळते.

तथापि घेणाऱ्यानें मोठ्या आंकड्यास भुलूं नये. पाणबुड्यांच्या घड्याळांस लागू असलेलें आंतरराष्ट्रीय प्रमाण किमान १०० मीटरांचें आहे; विहिरींत वा तलावांत पोहणारास तें पुरून उरतें. ३,९०० मीटरांचें ओझें मनगटानें रोज कां वाहावें? तबकडीच्या रुंदीपेक्षां पट्टा जोडण्याच्या वरच्या-खालच्या टोकांमधील अंतर मनगटावर ठेवून पाहावें. तीं टोकें मनगटाबाहेर जात असतील तर तें घड्याळ आपलें नव्हे. आणि मुख्य म्हणजे आंतील रबरी कडीं कालांतरानें कडक होतात. तबकडीवर ३०० मीटर छापलेलें असलें तरी चावी सैल राहिली किंवा रबर जुनें झालें, तर घरच्या हौदांतही पाणी आंत शिरेल. म्हणून पोहावयास नेण्यापूर्वीं चावी घट्ट आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि वेळोवेळीं कुशल कारागिराकडून दाबाची परीक्षा करवून घ्यावी.