काम झालं? मग पुढच्या खिडकीवर पाठवा

"कृपया रिफ्रेश किंवा बॅक बटण दाबू नका." ऑनलाइन पैसे भरताना हे वाक्य आपण सगळ्यांनीच वाचलंय. घाबरून माउसवरचा हातसुद्धा काढून घेतलाय! व्यवहार चालू असताना ही सूचना एक वेळ समजू शकते. पण सगळं पार पडून पावती समोर आल्यावरही ती तिथे लटकत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की प्रोग्रामरने आपलं काम तुमच्या गळ्यात मारलंय.

घरच्या मंडळींसाठी जरा सोपं करून सांगतो. (ब्लॉगवाल्या तंत्रज्ञ मित्रांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) तुम्ही बटण दाबलंत की ब्राउझर सर्व्हरकडे एक विनंती पाठवतो. ती आत कंट्रोलर नावाच्या कोडच्या हातात पडते. कंट्रोलर म्हणजे कचेरीतला खिडकीवरचा माणूस समजा. तो दोन प्रकारे उत्तर देऊ शकतो. एक, रेंडर, म्हणजे तिथल्या तिथे पान तयार करून हातात ठेवायचं. दुसरा, रिडायरेक्ट, म्हणजे "काम झालं, पावती चार नंबरच्या खिडकीवर घ्या" अशी चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर फक्त पत्ता असतो. ब्राउझर निमूटपणे तिकडे जातो आणि नवी विनंती करतो.

कचेऱ्यांच्या अनुभवामुळे दुसऱ्या खिडकीवर पाठवणारा माणूस आपल्याला कामचुकार वाटतो. वेबवर मात्र नेमकं उलटं आहे!

कारण असं की रिफ्रेश म्हणजे ब्राउझरच्या लेखी "शेवटची विनंती पुन्हा कर". ती विनंती 'गेट' म्हणजे नुसतं 'दाखव' अशी असेल, तर काही बिघडत नाही. पण ती 'पोस्ट' म्हणजे 'हे काम कर' अशी असेल आणि कंट्रोलरने काम करून तिथेच पावती रेंडर केली असेल, तर रिफ्रेश म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा. आमच्या एका आत्याने एका साइटवर सहलीच्या दोन जागा राखल्या. पैसे तिथल्याच वॉलेटमध्ये होते. पावती नीट दिसेना म्हणून तिने रिफ्रेश केलं, ब्राउझरने इंग्रजीत काहीतरी विचारलं, तिने 'कंटिन्यू' म्हटलं. झाल्या चार जागा! वर फोनवर ऐकून घ्यावं लागलं, "सूचना वाचली नाही का?" आता यात आत्याचं काय चुकलं, सांगा बरं.

यावरचा उपाय जुना आहे. 'पोस्ट'नंतर 'गेट'ने दुसरीकडे जा, असं सांगणारा ३०३ हा कोड १९९७ सालच्या एचटीटीपी १.१ मध्येच आला. माझा नियम साधा आहे: काम झालं तर पाठवा, नाही झालं तर दाखवा. फॉर्ममध्ये चूक असेल तर तोच फॉर्म रेंडर करा, म्हणजे भरलेली माहिती जात नाही. रेल्स ७ (डिसेंबर २०२१) पासून टर्बोमुळे हा फरक आणखी काटेकोर झाला. फॉर्म चुकला तर ४२२ सह रेंडर, जमला तर ३०३ सह रिडायरेक्ट, अशी तिथली रीत आहे.

मग लोक असं का करत नाहीत? एक तक्रार असते की सर्व्हरकडे एक फेरी वाढते. वाढते खरी, पण दुबार नोंदी निस्तरण्यापेक्षा ती स्वस्तच. दुसरी तक्रार जास्त खरी आहे. रिडायरेक्ट म्हणजे नवी विनंती, त्यामुळे आधीच्या विनंतीतली व्हेरिएबल्स पुढे मिळत नाहीत. "नोंदणी झाली" हा संदेश न्यायचा कसा? त्यासाठी रेल्समध्ये 'फ्लॅश' आहे. पुढच्या विनंतीपुरती खिशात ठेवलेली चिठ्ठीच म्हणा ना.

रिडायरेक्टने सगळंच सुटतं असं मात्र नाही. उतावीळपणे बटण दोनदा दाबलं, किंवा उत्तर येण्याआधीच नेट गेलं म्हणून फॉर्म पुन्हा पाठवला, तर तो थांबवायला प्रत्येक फॉर्मला वेगळा क्रमांक देऊन सर्व्हरवर तपासावा लागतो. तेही आपलंच काम, वापरणाऱ्याचं नाही.

असो. तंत्रज्ञ मित्रांनो, आज एवढंच करा: आपला फॉर्म भरा, पावती आली की रिफ्रेश दाबा. ब्राउझरने "पुन्हा पाठवू का?" असं विचारलं, तर सूचना लिहीत बसू नका. कंट्रोलर उघडा.