‘होत नाही’ आणि ‘करत नाही’

मराठीत ‘होत नाही’ आणि ‘करत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात कर्ताच नाही. पाऊस पडत नाही, दूध विरजत नाही, तसं काहीतरी निसर्गनियमाने घडत नाही. दुसऱ्यात मात्र कोणीतरी ‘न करणारा’ आहे, आणि त्याला ‘का?’ असं विचारता येतं. महागड्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काचेच्या टेबलामागून जे ‘रिपेअर होत नाही साहेब, रिप्लेसच करावं लागेल’ ऐकू येतं, ते दुसऱ्या प्रकारचं वाक्य आहे आणि पहिल्याचे कपडे घालून आलेलं आहे. या लेखात मला ते कपडे उतरवायचे आहेत, आणि त्यासाठी गाडीची पुढची ग्रिल हा एकच भाग पुरेसा आहे.

आधी नेहमीचा आक्षेप. ज्याच्याकडे लाखोंची गाडी आहे त्याच्या ग्रिलचं दुःख आपण का करायचं? एक तर या गाड्या सेकंड हँड बाजारात उतरतात तेव्हा त्यांची किंमत पडते, सुट्या भागांची पडत नाही. सात-आठ वर्षं जुनी जर्मन गाडी नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळते आणि ती घेणारा माणूस श्रीमंत असतोच असं नाही. दुसरं म्हणजे, ‘पूर्ण असेंब्ली बदला’ ही सवय वरच्या मजल्यावर लागते आणि जिन्याने खाली येते. आज ग्रिल, उद्या तुमच्या स्कूटरचा हेडलाइट, परवा वॉशिंग मशीनचं पॅनेल.

माझ्या मामाने अशीच एक जुनी गाडी हौसेने घेतली. पार्किंगमध्ये कोणाच्या तरी बाइकचा क्रॅश गार्ड समोरून लागला. ग्रिलच्या दोन आडव्या पट्ट्या तुटल्या, मागचं एक लॉक गेलं, क्रोमवर ओरखडे आले. अधिकृत सेंटरने ६२ हजारांचं एस्टिमेट दिलं. त्यात पट्टी नावाची ओळ नव्हती, लॉक नावाची ओळ नव्हती. फक्त ‘ग्रिल असेंब्ली’ होती. पट्टी वेगळी मिळेल का, असं विचारल्यावर ‘पार्ट नंबरच नाही’ असं उत्तर आलं. म्हणजे वस्तू डोळ्यांसमोर तुटलेली दिसते, पण कॅटलॉगमध्ये ती अस्तित्वातच नाही. अस्तित्वात नसलेली गोष्ट दुरुस्त कशी होणार?

आता ग्रिल उलटी करून बघा. बहुतेक ग्रिलच्या मागच्या बाजूला साच्यातच उमटवलेली बारीक अक्षरं असतात: एबीएस, किंवा पीसी आणि एबीएसचं मिश्रण. पुनर्वापरासाठी प्लास्टिक ओळखता यावं म्हणून कंपन्याच हे लिहितात. एबीएस थर्मोप्लास्टिक आहे. साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडतं आणि थंड झालं की पुन्हा घट्ट होतं. त्यामुळे त्याच प्लास्टिकची कांडी वापरून ते वेल्ड करता येतं. अ‍ॅसिटोनमध्ये ते विरघळतं, म्हणून भंगारातल्या एबीएसच्या तुकड्यांची पेस्ट करून भेग भरता येते. मागून स्टीलची बारीक जाळी गरम करून रुतवली की जोडाला बळ येतं. मग घासणं, लांबी, पुन्हा घासणं, प्लास्टिकचा प्रायमर, टू-के रंग. यात गूढ काही नाही. प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन असेल तर अ‍ॅसिटोनचा उपयोग नाही आणि रंग धरण्यासाठी वेगळं रसायन लागतं. पण हेही गॅरेजमधल्या माणसाला माहीत असतं.

अवघड असतो तो क्रोम. प्लास्टिकवरचा क्रोम म्हणजे तांबं, निकेल आणि सगळ्यांत वर क्रोमियम असे थर. वरचा थर मायक्रॉनच्याही अंशात मोजायचा. मध्येच तो खरवडला तर तेवढ्या जागी पुन्हा चढवता येत नाही. सगळा उतरवून नव्याने प्लेटिंग करावं लागतं. मामाच्या ग्रिलवर नाना पेठेच्या बाजूच्या एका कारागिराने हे स्पष्ट सांगितलं: ‘क्रोम कंपनीसारखा येणार नाही. सगळ्या पट्ट्या काळ्या चकचकीत करून देतो, ते चांगलं दिसेल.’ साडेपाच हजार रुपये आणि दोन दिवस. काय जमेल, काय जमणार नाही आणि न जमणाऱ्याला पर्याय काय, हे त्याने तीन वाक्यांत सांगितलं. हा प्रामाणिकपणा मला काचेच्या टेबलामागे मिळाला नव्हता.

क्रोमची दुसरी बाजूही आहे. प्लास्टिकवर धातू चिकटावा म्हणून पृष्ठभाग आधी क्रोमिक आम्लाने खडबडीत करण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरला कारण ठरतं. युरोपीय संघात २०१७ पासून ते खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. शिवाय धातूचा थर बसलेलं प्लास्टिक पुन्हा वापरात आणणं साध्या प्लास्टिकपेक्षा किचकट असतं. एका लॉकसाठी अख्खी ग्रिल फेकताना आपण फक्त मामाचे पैसे फेकत नसतो.

कंपन्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो टाळून वाद घालण्यात अर्थ नाही. आजकाल अनेक गाड्यांत लोगोमागे किंवा ग्रिलमागे रडार बसवलेलं असतं. ७६-७७ गिगाहर्ट्‌झवर त्याची तरंगलांबी जेमतेम ४ मिलिमीटर. त्याच्या समोरच्या झाकणावर लांबी भरली, रंगाचे थर चढवले किंवा त्यात धातूचे कण आले, तर समोरच्या गाडीचं अंतर चुकीचं मोजलं जाऊ शकतं. तिथे दुरुस्ती करू नये, बदलावंच. आणि बदलल्यावर कॅलिब्रेशनही करावं. पण हा युक्तिवाद त्या हाताएवढ्या झाकणाचा आहे. बाजूच्या दहा पट्ट्यांमागे रडार नाही. सुरक्षिततेचं खरं कारण एका तुकड्याला लागू असताना ते पूर्ण असेंब्लीवर पांघरणं, ही चलाखी आहे.

मग हट्ट कशाचा? ग्रिल हा गाडीचा चेहरा आहे, म्हणून. मुळात ती रेडिएटरला हवा मिळावी आणि दगड लागू नयेत यासाठी होती. पण बीएमडब्ल्यूची ‘मूत्रपिंडं’ १९३३पासून ओळख म्हणून मिरवतात आणि रेडिएटरची तशी गरज नसलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांवरही ती आहेतच. आयएक्स या इलेक्ट्रिक गाडीच्या ग्रिलवर तर असं आवरण आहे, की बारीक ओरखडे खोलीच्या तापमानाला २४ तासांत किंवा गरम हवेच्या झोताने ५ मिनिटांत आपोआप बुजतात, असं कंपनीच सांगते. ग्रिल दुरुस्त होऊ शकते हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. फक्त ती कोणाच्या हातून व्हावी, यावर त्यांचं मत आहे.

हे मत कुठवर जातं ते पाहायचं असेल तर युरोपीय संघाच्या न्यायालयाचा २५ जानेवारी २०२४चा निकाल वाचावा. पोलंडमधला एक व्यापारी ऑडीच्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या मॉडेल्ससाठी पर्यायी ग्रिल विकत होता. त्यांवर चार कड्यांचा लोगो नव्हता. लोगो बसवण्याची जागा होती, आणि तिचा आकार लोगोसारखा होता. लोगो जिथे बसायचा ती खोबण दुसऱ्या कोणत्या आकाराची असणार? न्यायालयाने म्हटलं की कंपनी अशा विक्रीला मनाई करू शकते, कारण डिझाइनच्या कायद्यात दुरुस्तीसाठी सूट आहे तशी ट्रेडमार्कच्या कायद्यात नाही. कायद्याच्या अक्षराला धरून निकाल बरोबर असेलही. पण तीस वर्षं जुन्या गाडीच्या ग्रिलवरची खोबणसुद्धा मालकीची ठरते, तेव्हा गाडी नेमकी विकत कोणी घेतली, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे कायद्याची दिशा खरं तर चांगली होती. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हाच ठपका होता. पुढे अपिलं झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहनं होती, पोर्टलही आलं. पण पट्टीला अजून पार्ट नंबर नाही.

उरला विमा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर, गाडी नवी असली तरी, ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणून लोक झिरो डेप घेतात आणि मग म्हणतात, ‘कंपनी देतेय ना, बदलून टाक!’ क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असू शकतो. महागड्या गाडीच्या प्रीमियमवर ही रक्कम कधी कधी दुरुस्तीच्या कितीतरी पट असते. फुकट मिळालेल्या ग्रिलचा हप्ता पुढची काही वर्षं चालू राहतो.

आपण मध्यमवर्गीयही यात निर्दोष नाही. असा कारागीर दिसला की आपण कौतुकाने ‘जुगाड’ म्हणतो आणि लगेच शंभर रुपये कमी करायला सांगतो. प्लास्टिक ओळखणं, उष्णता हातात धरणं, थर मोजून चढवणं याला जुगाड म्हणत नाहीत, कौशल्य म्हणतात. शालूवर रफू करणाऱ्याला आपण जुगाडू म्हणतो का?

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो. नवा भाग कंपनीच्या कोडशिवाय गाडीने ओळखायचा नाही, कॅलिब्रेशनचं साधन बाहेर द्यायचं नाही, यातली कुठलीही मर्यादा पदार्थविज्ञानातून येत नाही. कोणत्या तरी मीटिंगमध्ये कोणीतरी ‘हे बंद ठेवूया’ म्हणतो आणि माझ्यासारखा कोणीतरी एक अट लिहितो. जी अट लिहिता येते ती काढताही येते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एस्टिमेटमध्ये दुरुस्तीची ओळ असावी, आणि नसेल तर लेखी कारण असावं. पट्टी, लॉक, लोगोचं झाकण वेगळं विकलं जावं. सर्व्हेयरने प्लास्टिक वेल्डिंगचं बिल मान्य करावं. रडारचं कॅलिब्रेशन बाहेरच्या गॅरेजलाही योग्य दरात करता यावं. आणि तोवर, पुढच्या वेळी टेबलापलीकडून ‘होत नाही’ आलं की एवढंच विचारा: ‘होत नाही, की तुम्ही करत नाही?’