सत्कार झाला, आता काम सांगा

अमेरिकेतल्या कॉलेजांत ‘ऑनर सोसायटी’ नावाचा एक प्रकार असतो. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही. गुणवंतांचं मंडळ म्हणा हवं तर. सगळ्यांत जुनी सोसायटी म्हणजे फाय बीटा कॅप्पा. ती 1776 साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली आणि तिच्यात पहिल्यांदा बायका घेतल्या गेल्या त्या 1875 मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. मी ज्या सोसायटीत काम केलं ती त्या मानाने साध्या माणसांची. फाय थीटा कॅप्पा, 1918 साली मिसुरी राज्यात सुरू झालेली, दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांसाठी.

ही दोन वर्षांची कॉलेजं, म्हणजे कम्युनिटी कॉलेजं, नीट समजून घेतली तर पुढचं सगळं समजेल. फी कमी, प्रवेश जवळपास सगळ्यांना. इथे दोन वर्षं शिकून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येतं. माझ्या वर्गात अठरा वर्षांची पोरं होती, तशी रात्रपाळी करून येणारी नर्सिंग होममधली मदतनीस होती, दोन नातवंडांची आजी होती. आणि मी होते, मिरजेची, घरात दखनी आणि शाळेत मराठी बोलत वाढलेली, नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सीला आलेली. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. म्हणून शिकले.

ठरावीक क्रेडिट पूर्ण झाले आणि सरासरी 3.5च्या वर असली की सोसायटीचं आमंत्रण येतं. बहुतेकांच्या लेखी गोष्ट तिथेच संपते. एकदाची फी भरायची, प्रमाणपत्र घ्यायचं, समारंभात मेणबत्ती हातात धरून फोटो काढायचा. (तो फोटो पाहून अम्मीने फोनवर विचारलं, “ये मोमबत्ती कायकू?” ज्ञानाचा उजेड, असं सांगितल्यावर म्हणाली, “फिर ठीक है.”) सभासद झालं की विद्यापीठात जाताना काही शिष्यवृत्त्यांना अर्ज करता येतो, हा फायदा खराच आहे. पण मला सांगायचं आहे ते प्रमाणपत्राच्या पुढचं.

दरवर्षी शाखेचे पदाधिकारी निवडले जातात. आमच्याकडे उभं राहणाऱ्याला दोन मिनिटं बोलायला मिळायची, मग मतदान. मी सेवा विभागाच्या उपाध्यक्षपदासाठी उभी राहिले आणि निवडून आले. पद मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे पद म्हणजे कामाची यादी. शाखेने वर्षभरात एक काम कॉलेजच्या प्रशासनाशी बोलून ठरवायचं असतं. म्हणजे कॉलेजच्या प्रमुखांसमोर विद्यार्थ्यांनी बसायचं आणि विचारायचं, कॉलेजला काय अडचण आहे, त्यातलं आम्ही काय उचलू? आपल्याकडे प्राचार्यांच्या केबिनमध्ये विद्यार्थी जातो तो बहुधा दंड भरायला किंवा सही मागायला. समोरासमोर बसून काम वाटून घेणं मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

आम्हाला जे काम मिळालं ते दिसायला क्षुल्लक होतं. संध्याकाळच्या वर्गातली मुलं सोसायटीत येत नव्हती, ती का येत नाहीत हे शोधायचं. मार्क त्यांचेही होते. आमंत्रण कॉलेजच्या ईमेलवर जायचं आणि दिवसभर काम करून सहाच्या वर्गाला धावत येणारा माणूस ते ईमेल उघडतच नव्हता. ज्याने उघडलं त्याला फी जड वाटत होती. आमच्या बैठका तर दुपारी दोन वाजता. मग आम्ही रात्री नऊला, शेवटच्या बसच्या आधी, थांब्याजवळ एक टेबल मांडून बसायला लागलो. थंडीत. बैठकीची वेळ बदलली, फीसाठी मदतनिधी उभा केला. त्या टेबलावर लोकांनी सोसायटीपेक्षा दुसरंच जास्त विचारलं. आर्थिक मदतीचा फॉर्म कसा भरायचा, गणिताची शिकवणी कुठे मिळते, मूल आजारी पडल्याने बुडालेली परीक्षा परत देता येते का. आमच्यापैकी ज्याला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं. माझ्या मते त्या वर्षातलं आमचं सगळ्यांत चांगलं काम हेच होतं, आणि ते कुठल्याही अहवालाच्या चौकटीत बसत नव्हतं.

मार्कांवरून पुढारी ठरवणं मला पटतं का? नाही. मार्क मिळवायला निवांत खोली लागते, वेळ लागतो, घरी कुणीतरी चहा करून देणारं लागतं. मार्कांची चाळणी लावली की या गोष्टी नसलेले आधीच गळतात. ऑनर सोसायटीतही हा दोष आहेच. पण तिथे चाळणीतून आलेल्यांमध्ये निदान निवडणूक होते, आणि निवडून आलेल्याला काम करून दाखवावं लागतं.

महाराष्ट्रात आपण यातला फक्त चाळणीचा भाग घेतला. 1994च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. आधीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला प्रत्येक वर्गातला एक विद्यार्थी प्राचार्य नेमणार. खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक विभाग यांतून एकेक आणि दोन मुली, हेही त्यांनीच नेमलेले. मग या नेमलेल्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. निवडणुकांतली हाणामारी थांबवण्यासाठी हे केलं, आणि ती भीती काही खोटी नव्हती. पण त्याचा परिणाम असा की जवळपास एका पिढीला कॉलेजात मत मागायचं आणि मत द्यायचं कसं, हेच शिकायला मिळालं नाही. 2016च्या कायद्यात अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी थेट मतदानाने निवडायची तरतूद आली. 2019 मध्ये त्याची तयारीही झाली, आणि निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. मग कोरोना आला. आळीपाळीच्या त्या जागेत ओबीसींचीही पाळी असते, आणि बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन या जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? माहीत नसेल तर निवडणूक लागेल तेव्हा अर्ज कोण भरणार?

आता आपल्या मोहल्ल्याकडे येते. निकाल लागले की जमातीचे ट्रस्ट, बिरादरीच्या संस्था, तरुण मंडळं गुणवंतांचे सत्कार करतात. शादीखाना सजतो, ट्रॉफी, गुलाबाचं फूल, एक बॅग, नगरसेवकाचं लांबलेलं भाषण. मी याची चेष्टा करत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी बारावी झालंय त्या घराला ती ट्रॉफी कपाटावर हवी असते, आणि असावी. विशेषतः मुलींची नावं माइकवरून पुकारली जातात तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या आयांचे चेहरे बघावेत. पण दुसऱ्या दिवशी काय? ज्या मुलीला 91 टक्के म्हणून व्यासपीठावर बोलावलं, तिला वर्षभरात पुन्हा कुणी काही विचारत नाही. तिच्याकडून काही हवंय, असं कुणाला वाटतच नाही. एवढी कर्तबगार पोरगी आणि तिला आपण शोभेला ठेवतो.

आणि जे त्या दिवशी हॉलमध्ये नसतात त्यांचं काय? उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत 2020-21 मध्ये देशभरातल्या विद्यार्थ्यांत मुस्लिम 4.6 टक्के होते. आदल्या वर्षी ते 5.5 होते. लोकसंख्येत आपण 2011च्या जनगणनेनुसार 14.2 टक्के. कोरोनाचं वर्ष होतं हे खरं, पण सगळ्यांनाच होतं. ही गळती ट्रॉफीने थांबत नाही. दहावीला दोन विषय राहिलेल्या मुलाला जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते हे कुणीतरी वेळेत सांगावं लागतं आणि त्याच्यासोबत बीजगणिताची गणितं सोडवायला बसावं लागतं. महाडीबीटीचा अर्ज भरताना आधारवर ‘मो.’ आणि दाखल्यावर ‘मोहम्मद’ असलं की काय करायचं, उत्पन्नाचा दाखला किती दिवस आधी काढायचा, हे गेल्या वर्षी ज्याने स्वतः भोगलं त्याच्याइतकं चांगलं कुणी सांगू शकत नाही. तो गेल्या वर्षीचा गुणवंतच असतो. त्याला फक्त कुणी कामाला लावलेलं नाही.

ट्रस्टच्या एका सदरसाहेबांशी मी गेल्या सुट्टीत हे बोलले. म्हणाले, पोरांच्या अभ्यासाचं नुकसान होईल. होत नाही. आठवड्याला दोन तासांनी कुणाचं सीए बुडालेलं नाही, उलट शिकवताना स्वतःचा विषय पक्का होतो. मग म्हणाले, मुलींना घरचे पाठवणार नाहीत. काही नाही पाठवणार, खरं आहे. पण शादीखान्यात सत्काराला पाठवतातच ना? त्याच शादीखान्याची एक खोली, रविवारी सकाळी, दोन आपा हजर. यात अडचण घरच्यांची किती आणि आपल्या आळसाची किती, हे आधी एक महिना करून बघावं. तिसरा मुद्दा ते बोलले नाहीत, मी बोलते. वीस वर्षांची पोरं निवडून आली, हिशेब ठेवू लागली, तर उद्या ट्रस्टचाही हिशेब विचारतील. विचारू देत.

तेव्हा वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा सत्कार झाला आहे त्यांना माझं सांगणं असं. गेल्या तीन वर्षांत तुमच्या मोहल्ल्यात ज्यांची नावं पुकारली गेली त्यांची यादी ट्रस्टकडून मागून घ्या. त्यांच्याकडे ती असते, ट्रॉफीवर नावं कोरायला दिलेली असते. सगळ्यांना एकदा बोलवा. त्यात ज्यांना मार्क कमी होते पण मोहल्ल्यात ज्यांचं ऐकलं जातं अशांनाही घ्या, नाहीतर पुन्हा तीच चाळणी. एक अध्यक्ष, एक खजिनदार, चिठ्ठ्या टाकून निवडा, हात वर करून नको, कारण हात वर करताना पोरी भावाकडे बघतात. मुदत एक वर्ष, पुढच्या वर्षी नवी माणसं. पहिलं काम एकच घ्या, पुरवणी परीक्षेला बसणारी मुलं शोधायचं. ती सत्काराला येत नाहीत. ती गॅरेजमध्ये, बेकरीत, मोबाइलच्या दुकानात सापडतील, आणि सुटीची वेळ रात्री नऊनंतरची असेल.