रिअ‍ॅक्शन दिसते सिस्टरला, कळवायची कोणी?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक सलाईनमधून भरभर सोडले, तर काही मिनिटांत रुग्णाचा चेहरा, मान, छाती लाल होते, खाज सुटते, कधी रक्तदाबही घसरतो. 1 ग्रॅमच्या डोसला किमान 60 मिनिटे द्यायची हे सिस्टरला ठाऊक असते आणि लाली दिसताच सलाईन थांबवून डॉक्टरांना बोलावते तीच. रक्त चढवताना पहिली 15 मिनिटे रुग्णाजवळ थांबते तीही तीच. डॉक्टर राउंडला येऊन जातात. वॉर्डात चोवीस तास असतात त्या परिचारिका. तरीही रिअ‍ॅक्शन देशाच्या यंत्रणेला कळवणे हे डॉक्टरांचेच काम, अशी समजूत आहे. नियम तसे म्हणत नाही. 2010 साली सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा फॉर्म परिचारिकेलाही भरता येतो. हा अधिकार कागदावरून वॉर्डात उतरावा, एवढीच माझी मागणी आहे.

लगेच दिसणारी रिअ‍ॅक्शन निदान लपत नाही. खरी कसोटी सावकाश येणारीची. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू होते, काही दिवसांनी घोटे सुजतात आणि सूज उतरवायला लघवी वाढवणारी दुसरी गोळी लिहिली जाते. औषधाचा परिणाम नवा आजार म्हणून केसपेपरवर चढतो. पाळीच्या दुखण्यासाठी घरोघरी घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडचेच पाहा. 2023च्या अखेरीस औषधदक्षता कार्यक्रमाने त्याबद्दल इशारा दिला, तो ‘ड्रेस’ नावाच्या गंभीर अ‍ॅलर्जीचा: ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी, यकृताला इजा. हे सारे बहुधा औषध सुरू केल्यावर 2 ते 8 आठवड्यांनी दिसते. तोवर गोळीचे नावही रुग्ण विसरलेला असतो. दाखल करून घेताना ‘गेल्या दोन महिन्यांत घरी कोणती गोळी घेतलीत?’ हे सिस्टरने विचारले आणि उत्तर लिहून ठेवले, तरच धागा जुळतो.

निदान करणे परिचारिकेचे काम नव्हे, असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे, पण इथे लागू नाही. फॉर्म निदान मागत नाही, संशय मागतो: काय दिसले, केव्हा, कोणत्या औषधानंतर. औषध आणि त्रासाचा संबंध किती पक्का, हे पुढे तज्ज्ञ तपासतात. थॅलिडोमाइड या औषधाने पोळल्यावर ब्रिटनने 1964 साली अशा रिअ‍ॅक्शन कळवण्यासाठी यलो कार्ड योजना आणली, पण परिचारिकांना तीत थेट नोंद करण्याची मुभा मिळाली 2002 साली. अडतीस वर्षे रुग्णाच्या सर्वांत जवळचे डोळे बाहेर ठेवले गेले. आपल्याकडे दार पहिल्यापासून उघडे असूनही आत बोलावणारे कोणी नाही, हे मला अधिक खटकते. ‘चूक आपल्या अंगावर येईल’ ही भीतीही खरी आहे. नोंद करणे म्हणजे कोणाचा दोष कबूल करणे नव्हे, असे फॉर्मवरच छापलेले असते आणि कळवणाऱ्याचे नाव गोपनीय राहते; पण ते वॉर्डात कोणी समजावून सांगायला हवे, आणि मेट्रनने व अधीक्षकांनी तसे वागून दाखवायला हवे.

वेळेचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. एकाच सिस्टरवर अख्खा वॉर्ड सोपवून वर आणखी एक कागद तिच्या हाती देणे हा अन्याय ठरेल. म्हणून नुसता आदेश नको. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एका परिचारिकेला या कामासाठी ड्यूटीतूनच वेळ द्या. मराठी फॉर्म आणि 1800-180-3024 हा हेल्पलाइन क्रमांक नर्सिंग स्टेशनवर लावा. हँडओव्हरमध्ये ‘नवे औषध, नवा त्रास’ एवढी एक ओळ सक्तीची करा. आणि नोंदीचे पुढे काय झाले, ते ती करणाऱ्या सिस्टरला कळवा. पोच नसलेले काम फार दिवस टिकत नाही.

राष्ट्रीय औषधदक्षता सप्ताह दरवर्षी 17 सप्टेंबरला सुरू होतो. यंदा त्याआधी या मागण्यांचे परिपत्रक काढा, ही विनंती.

आपला,
एक नागरिक